मुंबई दर्शनची बस की लाँच?
आई-बाबांना घेऊन नागपूरहून दोन दिवस मुंबईला जाताय आणि 'मुंबई दर्शन'ची बस घ्यावी का, असं तुम्ही या ग्रुपवर विचारलंय. उत्तरात बहुतेकांनी हो म्हटलंय, माझं मत वेगळं आहे. त्या बसमध्ये बराचसा दिवस ट्रॅफिकमध्येच जातो आणि समुद्र दिसतो तो खिडकीतून. आपल्या विदर्भातल्या माणसांना समुद्राचंच तर अप्रूप! एक अख्खा दिवस पाण्याला द्या.

विदर्भ एक्स्प्रेसनं गेलात तर सकाळी थेट सीएसएमटी स्टेशनला उतराल. बाहेर आल्यावर रस्ता ओलांडून स्टेशनची इमारत समोरून नक्की बघा, मग टॅक्सीनं गेटवे ऑफ इंडिया. तिथून घारापुरीची, म्हणजे एलिफंटा लेण्यांच्या बेटाची लाँच सकाळीच पकडा. तासाभराच्या वाटेवर नांगर टाकलेली मोठमोठी जहाजं जवळून दिसतात. बंदर म्हणजे काय ते तिथं कळतं. लेण्यातली सुमारे वीस फुटी त्रिमूर्ती तर निवांत बसून बघण्यासारखी आहे. सोमवारी लेणी बंद असतात, तो दिवस टाळा. धक्क्यापासून छोटी रेल्वे आहे, पण पुढे शंभरावर पायऱ्या आहेत. बाबांचे गुडघे दुखत असतील तर डोली करा. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद ठेवतात, म्हणून दिवाळीनंतरच जा.

परतल्यावर गेटवेखाली थोडं थांबा. २८ फेब्रुवारी १९४८ला ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीतून गेली. मुलं बरोबर असतील तर हे त्यांना तिथंच उभं राहून सांगा.

दुसऱ्या दिवशी हवी तर बस घ्या.