पट्टेवाला डास म्हणजे डेंगीचाच का? ओळखायचा कसा?

पडवीकर: आमच्याकडे गुहागरला पाऊस लागल्यापासून मागच्या पडवीत भरदिवसा काळे डास फोडून काढतायत, पायांवर पांढरे पट्टे, आई म्हणते डेंगीचे, शेजारचे काका म्हणतात छे, ते बागेतले, त्यांनी काही होत नाही. फोटो काढला तर नुसता काळा ठिपका आलाय. आणि मलेरियाचा डास बूड वर करून बसतो म्हणतात ते खरंय का?

किडामुंगी: पाय सोडा, पाठ बघा. पाठीवर मधोमध एकच पांढरी रेघ असली तर एडिस अल्बोपिक्टस. दोन्ही कडांना कोयत्यासारख्या वाकड्या रेघा आणि मधे दोन बारीक सरळ रेघा, तर एडिस इजिप्ती. बागेला लागून पडवी आहे म्हणजे बहुतेक पहिलाच निघेल, त्याला करवंट्या, झाडाच्या ढोली, पडलेल्या विऱ्या असलं साठलेलं पाणी लागतं. पण काकांना सांगा, हापण डेंगी आणि चिकुनगुनिया पसरवतो!!
चापट मारून फोटो काढू नका, खवले उडतात आणि अर्धी ओळख खवल्यांवरच असते. बाटलीत पकडून फ्रीजरमध्ये ठेवा, मग पांढऱ्या कागदावर घेऊन भिंगातून बघा.

मास्तर७२: बूडवाला नियम बऱ्याचदा चालतो, पण आपल्याकडे खेड्यात मलेरिया पसरवणारा मुख्य डास ॲनॉफिलीस क्युलिसिफेसीस, आणि तोच नेमका क्युलेक्ससारखा, म्हणजे घरातल्या नेहमीच्या डासासारखा, जवळजवळ आडवा बसतो, घ्या आता. त्यापेक्षा सोंडेशेजारच्या दोन मिशा बघा, मादीच्या त्या सोंडेएवढ्या लांब असल्या तर ॲनॉफिलीस, आखूड असल्या तर बाकीचे. नर धरू नका, डोक्यावरच्या शृंगिका (अँटेना) पिसासारख्या झुपकेदार दिसल्या की नर, आणि तो चावतही नाही. अळ्यांचं त्याहून सोपंय, पाण्याला समांतर आडवी पडलेली अळी ॲनॉफिलीसची, डोकं खाली करून तिरकी लटकलेली एडिस नाहीतर क्युलेक्सची.
तरी क्युलिसिफेसीस ही एक जात नाहीच, ए ते ई अशा पाच आहेत, दिसायला सगळ्या सारख्या. त्यातली बी मलेरिया फारसा पसरवत नाही, पण ती वेगळी काढायला गुणसूत्रं नाहीतर डीएनएच तपासावा लागतो, तिथं भिंग संपलं.

रानवाटा: माझं एक राहूनच जातंय, आमच्या बागेत भलामोठा निळसर चमकणारा डास येतो, सोंड खाली वाकलेली. तो कुठला?

किडामुंगी: टॉक्सोऱ्हिंकायटिस. रक्त पीतच नाही, मध आणि फळांचा रस पितो, आणि त्याच्या अळ्या बाकीच्या डासांच्या अळ्या खातात. त्याला बिलकुल मारू नका.