स्कूटरच्या टायरला बारीक भेगा, चालवू का बदलू? (आणि रबराला चीर जाते तरी कशी)

सिंहगडरोडवाला: आईची स्कूटर चार महिने पार्किंगमधे नुसती उभी होती, मागच्या चाकातली हवा जवळपास गेलेली. काल हवा भरली तर टायरच्या साईडला केसाएवढ्या भेगा, जिथे दबून फुगला होता नेमक्या तिथेच. नक्षी अजून चांगली आहे. एक पंक्चरवाला म्हणे काढा, दुसरा म्हणे काय होत नाय. अजून एक, रात्री चाळा म्हणून मेथीच्या जुडीचा रबर ब्लेडने जरासा कापून ताणला तर चीर पुढे जाईचना, टोक गोल होऊन तिथेच बसलं. खिडकीतला जुना रबर मात्र ताणताच तुटला. असं का?

पेठेतला_पम्या: नक्षी बघू नको, वय बघ. साईडला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा.

भोसरी_कंपाउंडर: रबर कारखान्यात मिक्सिंगला बरीच वर्षं काढलीत म्हणून लिहितो, लांबेल जरा. चीर पुढे जायला ताकद नाही, ऊर्जा लागते, आणि ती सगळी टोकाशी पोचावी लागते. चांगलं रबर ती वाटेतच उधळतं. रबर म्हणजे लांबलचक रेणूंच्या साखळ्या. चिरेच्या टोकापुढची साखळी तुटते तेव्हा बॉण्ड (अणूंमधला जोड) एकच तुटतो, पण ताणलेल्या अख्ख्या साखळीतली ऊर्जा वाया जाते, हे लेक आणि थॉमस या संशोधकांनी १९६७ मधे मांडलं. साखळ्या एकमेकींना बांधायला रबरात गंधक घालतात. म्हणूनच ते जास्त पडलं की गाठी वाढतात, दोन गाठींमधल्या साखळ्या आखूड होतात, माल कडक होतो पण फाटतो पटकन (नवीन पोरं हेच करतात, कडक म्हणजे मजबूत वाटतं त्यांना). त्यात नैसर्गिक रबर खूप ताणलं की साखळ्या ओळीत येऊन स्फटिक बनतात, म्हणजे जिथे ताण जास्त तिथेच ते घट्ट होतं, तुझी चीर तिथेच अडली. नवा रबर झटकन ताणून ओठाला लाव, गरम लागेल. टायरमधे शिवाय कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी बारीक पूड, त्याच्यामुळे चीर सरळ न जाता वळसे घेते.

खिडकीतल्या रबराच्या साखळ्या ऊन आणि हवेने आधीच तुटल्यात. टायरचं म्हणशील तर ते हवेतल्या ओझोन वायूचं काम, तो साखळीतले डबल बॉण्ड (दुहेरी जोड) तोडतो, पण भेग पडते ती ताणलेल्या जागीच आणि ताणाला आडवी. तुझ्या भेगा चाकाच्या गोलाईने गेल्यात ना? आत मेण घातलेलं असतं, ते वर येऊन थर धरतं, पण गाडी एकाच जागी दबून राहिली की फुगीर भागावर तो थर तडकतो अन् मग ओझोनला रान मोकळं.

कात्रजची_ताई: आमच्याकडे एकाने चकाकी यावी म्हणून टायर डिझेलने पुसला, फुगून मऊ झाला. तसलं काही करू नका.

सिंहगडरोडवाला: हो, गोलाईनेच आहेत. रबर ओठाला लावला, खरंच गरम! आई बघत होती, म्हणाली डोकं फिरलंय तुझं. टायरवर ४८१६ निघालं, उद्या नाना पेठेत जाऊन बदलतोच.