एरोस्पेसमध्ये मास्टर्स: करिअर की महागडी हौस?

वातकुक्कुट: हातात मेकॅनिकलची पदवी असेल तर एरोस्पेसमध्ये मास्टर्स करू नये, असं माझं स्पष्ट मत. मोठी प्रवासी विमानं बनवणाऱ्यांत दबदबा दोघांचाच, बोईंग आणि एअरबस. त्यांनी हात आखडला की खालचे सगळे पुरवठादार गारठतात. मार्च २०१९ मध्ये बोईंगच्या ७३७ मॅक्स विमानांची उड्डाणं थांबली, ते निस्तरतंय तोवर २०२० ची महासाथ. दोन्ही कंपन्यांनी हजारोंनी माणसं कमी केली. ज्यांचं मास्टर्स नेमकं त्या वर्षी संपलं, त्यांनी काय करायचं? शिवाय नवीन विमानं निघतात कितीशी? बोईंगचं ७४७ पहिल्यांदा उडालं १९६९ मध्ये, शेवटचं ग्राहकाच्या ताब्यात गेलं २०२३ मध्ये.

तडा_मोजणारा: अहो, मग काम तिथेच तर आहे! विमान इतकी वर्षं चालवायचं तर कुणीतरी त्याचे तडे मोजत बसायला हवं ना? दर उड्डाणात केबिनमधला दाब आणि बाहेरचा दाब यांतला फरक वाढतो, विमान उतरलं की कमी होतो. रिव्हेटच्या छिद्राच्या कडेला केसाएवढा तडा सुरू होतो. तो किती उड्डाणांत किती वाढेल याचं गणित मांडून तपासणी कधी करायची ते ठरवतात. कॉमेट ही ब्रिटिश प्रवासी जेट विमानं १९५४ मध्ये हवेतच फुटली तेव्हापासून हे काम कुणी हलक्यात घेत नाही. नवीन डिझाइन बंद पडलं तरी हे चालूच राहतं. झगमगाट नाही, पण पगार वेळेवर होतो.

वातकुक्कुट: ते मेकॅनिकलवालाही करतो.

तडा_मोजणारा: करतो की. पण फ्लटर? पंखाचं वाकणं आणि पिळणं हवेच्या जोरावर एकमेकांना खतपाणी घालायला लागलं की काही क्षणांत पंख तुटू शकतो. ते बहुतेकांना मास्टर्समध्येच पहिल्यांदा नीट भेटतं.

परका_विद्यार्थी: दोघंही मूळ दुखणं सोडून बोलताय. डिसेंबर २०१५ मध्ये स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटचा पहिला टप्पा परत येऊन उभा राहिला, तेव्हापासून ज्याला त्याला रॉकेटच बनवायचंय. पण अमेरिकेत आयटार नावाचा नियम आहे. रॉकेटची किंवा लष्करी विमानाची तांत्रिक माहिती परदेशी माणसाला तिथल्या तिथे नुसती दाखवली, तरी ती निर्यात धरली जाते. ग्रीन कार्ड असेल तर चालतं, विद्यार्थी व्हिसावर नाही. विद्यापीठ प्रवेश देतं, फी घेतं, आणि नोकरीच्या अर्जावर पहिला प्रश्न नागरिकत्वाचा!

फिल्टरवाला: म्हणून विमानालाच चिकटून राहू नका. कालमन फिल्टर, म्हणजे थोड्या चुकणाऱ्या मोजमापांतून खरी जागा आणि वेग अंदाजणारं गणित, अपोलो चांद्रयानाच्या संगणकात वापरला, आज तोच ड्रोनमध्ये आणि स्वयंचलित गाड्यांमध्ये आहे. पवनचक्कीची पाती, फॉर्म्युला वनच्या गाड्या, सगळीकडे वायुगतिकीच. फक्त सीएफडीची, म्हणजे संगणकावर मांडलेल्या हवेच्या प्रवाहाच्या गणिताची, रंगीत चित्रं घेऊन मुलाखतीला जाऊ नका. गणितासाठी हवेचे तुकडे पाडणारी जाळी पृष्ठभागाजवळ किती बारीक ठेवली आणि का, एवढं विचारलं तरी निम्मे गप्प होतात.

वातकुक्कुट: गाड्या आणि पवनचक्क्यांतच जायचं तर त्याचंच शिक्षण घ्या ना! फ्लटरचा मुद्दा मान्य. आयटारला मात्र तुमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नाही.