मदत हवी आहे : सगळेच 'पूर्ण सहमत' म्हणतात, काय करू?

नमस्कार मंडळी. एम.ए. मानसशास्त्राच्या प्रकल्पासाठी विट्यातल्या (जि. सांगली) गलाई कुटुंबांकडून, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी परप्रांतात जाणाऱ्यांकडून, प्रश्नावली भरून घेतेय. परप्रांतात राहिलेल्यांची इतर संस्कृतींबद्दलची वृत्ती, त्या लोकांत वावरायचं कसब आणि मनःस्वास्थ्य यांचा एकमेकांशी काही संबंध लागतो का, ते बघायचंय. मनःस्वास्थ्याचं सोपं आहे, जागतिक आरोग्य संघटनेचे ५ प्रश्न घेतलेत (मागचे २ आठवडे, प्रत्येकी ० ते ५ गुण).

घोडं अडलंय वृत्तीपाशी. "वेगवेगळ्या संस्कृतींचे लोक असणं देशासाठी चांगलं" वाचलं की सगळे एकजात 'पूर्ण सहमत'! आमची मामी २२ वर्षं कोइमतूरला होती. तिनंही तेच ठोकलं, आणि चहा गाळता गाळता म्हणाली, "त्यांचं रस्सम मला कधी गोड लागलं नाही बाई, पण घरमालकिणीशी भांडायचे ते तमिळमधनंच." कसब पुरेपूर, पण वृत्तीचे गुण किती देऊ?

मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांच्या बहुसांस्कृतिक वृत्तीच्या मापनीत उलटी विधानं (ज्यांना 'सहमत' म्हटलं की वृत्तीचे गुण कमी होतात) आहेत, पण ती मापनी बेतलीय कॅनडासाठी. सोयरीक, शेजार, भाड्याची खोली अशी आपल्याकडची विधानं घालून कुणी मराठीत वापरलीय का? की सरळ मुलाखतीच घेऊ? ३४ अर्ज भरून झालेत, ते वाया जाऊ नयेत एवढंच.