पाच-सात हजारांचे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन: उपयोगाचे की नुसती जाहिरात?

पेठेतला

सेल लागला की ओळखीपाळखीतल्यांचे मेसेज सुरू होतात, "पाच-सात हजारांत चांगला एएनसी हेडफोन सांग ना." (एएनसी म्हणजे हेच नॉइज कॅन्सलिंग.) मी दर वेळी एकच सांगतो, घेऊ नकोस. कारणं इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक फेकता येईल.

आवाज "बंद" वगैरे काही होत नाही. पंख्याची घरघर कमी होते, एसीची कमी होते. पण शेजारच्या टेबलावरचा माणूस फोनवर काय बोलतोय ते शब्दन् शब्द कळतं, रिक्षाचा हॉर्न येतो, कुकरची शिट्टी येते. ज्या आवाजांनी डोकं उठतं ते सगळे शाबूत, आणि ज्यांची आपल्याला सवयच झालेली असते तेवढे गायब.

शिवाय पैशांचं गणित बघा. सहा हजारांत दोन्ही कानांचे ड्रायव्हर (म्हणजे आतले छोटे स्पीकर), चार-पाच माइक, चिप, बॅटरी, ब्लूटूथ आणि वर जाहिरातीतला क्रिकेटपटू, एवढं सगळं बसवायचं. काटछाट कुठे होणार? मूळ आवाजात. तेवढ्याच पैशांत साधा वायरवाला हेडफोन घेतलात तर मागचा तानपुरा वेगळा ऐकू येतो. या मंडळींनी बास इतका फुगवलेला असतो की डग्गा गायकाच्या उरावर बसतो. आणि एएनसीचं बटण दाबलं की गाण्याचा पोतच बदलतो, ते वेगळंच.

ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा, पण "मला तर मस्त वाटला" एवढ्यावर थांबू नका.

बदलापूर फास्ट

साफ असहमत. शांत खोलीत बसून तानपुरा ऐकणाऱ्यांसाठी हे हेडफोन नाहीतच. बदलापूर ते भायखळा रोज जाऊन-येऊन बघा.

लोकलमध्ये आवाज म्हणजे काय काय असतं? मोटरची घुंई, रुळांची खडखड, डोक्यावरचा पंखा. या सगळ्याच्या वर गाणं ऐकू यावं म्हणून साध्या इअरफोनवर व्हॉल्यूम जवळजवळ शेवटच्या काडीपर्यंत न्यावा लागायचा. आता निम्म्यावर भागतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकावा, आणि आवाज वाढला की ही मुदत झपाट्याने घटते. हा हिशोब लावलात तर एएनसीचा खरा फायदा शांततेत नाही, कानांच्या आयुष्यात आहे. महागड्यात जी शांतता मिळते ती यात नाही, कबूल. पण तीस हजारांची वस्तू गळ्यात अडकवून मी चढत्या गर्दीत शिरणार नाही. पडला, मोडला, कोणी ओढला तर जीव खाली-वर होऊ नये एवढ्याच किमतीचा हेडफोन लोकलमध्ये शोभतो.

एक खोट मात्र सांगतो. दारात किंवा खिडकीत उभं राहिलात तर वारा थेट बाहेरच्या माइकवर आदळतो आणि कानात फडफड सुरू होते. तिथे एएनसी बंद केलेलाच बरा. एसी लोकलमध्ये दारं बंद असल्याने ही भानगड नाही.

तारवाला

दोघंही उगाच खर्चात पडताय. पंधराशे-दोन हजारांचे कानाच्या आत जाणारे वायरचे इअरफोन घ्या, त्यांना फोमची टोपणं लावा. फोम चिमटीत दाबून कानात सरकवायचा, मग तो फुगून कान बंद करतो. बोलणं, शिट्टी, मिक्सर यांचा वरचा आवाज त्याने जितका अडतो तितका पाच हजारांच्या एएनसीने अडत नाही. चार्जिंग नाही, जोडणी तुटणं नाही, व्हिडिओत ओठ आणि आवाज पुढे-मागे होणं नाही. फोनला जॅक नसेल तर सी-पिनचं कन्व्हर्टर मिळतं.

बदलापूर फास्ट

तारवाले, गर्दीत वायर समोरच्याच्या बॅगेच्या चेनमध्ये अडकून कानातून उपसली जाते, हा अनुभव घ्या आणि मग बोलू. बॅग समोरच्याची, तो उतरतोय कुर्ल्याला.

खटपट्या

पेठेतल्यांची तक्रार खरी आहे, पण त्यासाठी "स्वस्त" हेडफोनला धरणं चूक. आवाजाचा हवेतला वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. म्हणजे १०० हर्ट्झच्या घरघरीची एक लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब, आणि ४००० हर्ट्झची, म्हणजे शिट्टी किंवा बोलण्यातल्या "स"-"श"च्या पट्ट्यातली, जेमतेम साडेआठ सेंटिमीटर. माइकने आवाज ऐकायचा, चिपने त्याची बरोबर उलटी लाट बनवायची, स्पीकरने ती सोडायची आणि कानाशी दोघींनी एकमेकींना खोडायचं. लांब लाटेत किंचित उशीर झाला तरी खपून जातं. छोट्या लाटेत तेवढ्याच उशिराने उलटीची सुलटी होते आणि आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकतो. त्यामुळे साधारण १ किलोहर्ट्झच्या पुढे सगळ्याच कंपन्या हात आखडता घेतात, तीस हजारांवाल्यासुद्धा. त्यापुढचं काम कानावरची गादी किती घट्ट बसते त्यावर. महागड्यात बोलण्याचा आवाज कमी वाटतो त्यात गादीचा वाटा मोठा असतो.

मुळात हे तंत्र वाढलं ते विमानासाठी. कल्पना जुनी, पॉल लुएग या जर्मन माणसाला तिचं अमेरिकन पेटंट १९३६ मध्ये मिळालं होतं. पुढे अमर बोस यांनी १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला जाताना विमानातच तिची गणितं मांडायला घेतली. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ ला आला, तुमच्या-आमच्यासाठीचा २००० ला. इंजिनाची तासन् तास एकसुरी चालणारी घरघर मारायला बनलेल्या गोष्टीकडून शेजारच्या काकूंचा फोन बंद करायची अपेक्षा ठेवली तर निराशाच व्हायची.

खोक्यावरच्या "४५ डेसिबलपर्यंत" या आकड्यात सगळी गंमत "पर्यंत"मध्ये आहे. तो एखाद्या अरुंद पट्ट्यात मिळालेला सर्वात चांगला आकडा असतो, सरसकट सगळ्या आवाजांचा नाही.

अभ्यासिका

माझा अनुभव आणखी विचित्र. एमपीएससीची तयारी करतोय, दिवसभर अभ्यासिकेत असतो. एएनसी चालू केला की पंखे गायब होतात, आणि मागच्या रांगेतली कुजबूज आधीपेक्षा जास्त स्पष्ट येते! पहिल्यांदा वाटलं हेडफोन बिघडला. मित्राचा लावून पाहिला, तसंच.

खटपट्या

बिघडलेला नाही. पंख्याची घरघर त्या कुजबुजीवर पांघरूण घालत होती, एएनसीने पांघरूण ओढून घेतलं. यावर उपाय सोपा आहे, हळू आवाजात पावसाचा किंवा नुसत्या खरखरीचा ट्रॅक लावून ठेवा. बोलणं त्यात बुडतं.

पेठेतला

म्हणजे आवाज घालवायला सहा हजार मोजायचे आणि मग त्यात पुन्हा खरखर भरायची. धन्य आहे!

खटपट्यांचं शास्त्र मान्य. पण मग कंपन्यांनी तसं छापावं ना! आणि याहून मोठी बनवाबनवी म्हणजे ईएनसी. दीड-दोन हजारांच्या कित्येक हेडफोनवर ठळक अक्षरांत ईएनसी छापलेलं असतं. ते फक्त कॉलवर असताना तुमच्या माइकमधला आजूबाजूचा गोंगाट कमी करतं, समोरच्याच्या सोयीसाठी. तुमच्या कानात त्याने काडीचा फरक पडत नाही. माझ्या चुलतभावाने एएनसी समजून असाच एक घेतला, दुकानदारानेही "हो हो, नॉइज कॅन्सलिंगच" म्हणून गळ्यात मारला.

ऋतुगंधा

घरून काम करणाऱ्यांची बाजू कोणीच मांडली नाही म्हणून लिहिते. दोन खोल्यांचं घर, सासूबाईंची मालिका, खाली कुठल्या ना कुठल्या फ्लॅटचं फरशीचं काम. एएनसीने फरशी कापायच्या मशीनचा वरचा कर्कश आवाज जात नाही, पण त्याखालची घरघर जाते आणि संध्याकाळी डोकं जड होत नाही. एवढ्यासाठी मी पाच हजार आनंदाने दिले.

वैताग वेगळ्याच गोष्टीचा आहे. लॅपटॉपवर गाणी छान चालू असतात आणि मीटिंग सुरू होऊन हेडफोनचा माइक लागला की त्याच क्षणी आवाज विहिरीतून आल्यासारखा होतो. बरेच दिवस मला वाटायचं की नेटच मंद आहे.

खटपट्या

तो ब्लूटूथचा जुना आजार. माइक चालू झाला की जोडणी गाण्यांच्या पद्धतीवरून फोन कॉलच्या पद्धतीवर उडी मारते आणि दोन्ही कानांना एकच, दबका आवाज येतो. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच निवडा आणि स्पीकर म्हणून हेडफोन. आवाज लगेच सुधारेल. एलई ऑडिओ नावाच्या नव्या पद्धतीत हा प्रश्न बराचसा सुटतो, पण लॅपटॉप आणि हेडफोन दोन्हींत ती असावी लागते.

ऋतुगंधा

करून पाहिलं, आवाज सुधारला! आता सासूबाईंची मालिका पलीकडच्यांनाही ऐकू जाते एवढंच.

कुडाळकर

तुम्ही सगळे आवाजावर भांडताय, आमच्याकडे प्रश्न रेक्झिनचा. कोकणातली दमट हवा आणि कानामागचा घाम, दुसऱ्या पावसाळ्यात गादीचे पोपडे निघायला लागले. कानाला काळे तुकडे चिकटतात, बायको विचारते हे काय लागलंय. गादी फाटली की कानावर नीट बसत नाही, बसली नाही की बाहेरचा आवाज आत येतो, आणि एएनसीसुद्धा अर्धा होतो. कंपनीच्या सेवा केंद्रात (नाव घेत नाही) गादीच मिळत नाही म्हणाले, नवीन हेडफोन घ्या.

खटपट्या

कुडाळकरांचा मुद्दा मला या धाग्यातला सगळ्यात वजनदार वाटतो. कृत्रिम चामड्यावरचा पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत हळूहळू विघटित होतो. कपाटात नुसता ठेवला तरी सुटका नाही. मी दुरुस्तीला येणारे हेडफोन बघतो त्यात चिप गेलेला क्वचित. येतात ते पोपडे निघालेले, बिजागरीशी प्लॅस्टिक तडकलेले, आणि बॅटरी मेलेले. बॅटरी चिकटवलेली असते, खोलताना क्लिपा तुटतात, मजुरी सांगितली की गिऱ्हाईक म्हणतं राहू दे.

म्हणून घेताना डेसिबल बघायच्या आधी त्या मॉडेलच्या सुट्या गाद्या ऑनलाइन मिळतात का ते शोधा. खूप खपलेल्या मॉडेलच्या मिळतात, अगदी नव्या किंवा अनोळखी ब्रँडच्या नाही. सीएमएफ हेडफोन प्रोसारख्या काहींत गादी फिरवून हाताने निघते, हे फार सोयीचं. बॅटरीबाबत युरोपचा २०२३ चा कायदा म्हणतो की फेब्रुवारी २०२७ पासून अशा छोट्या उपकरणांची बॅटरी, काही अपवाद सोडले तर, वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. आपल्याकडे त्याचा फायदा झाला तर आडूनच होईल.

तारवाला

वायरच्या इअरफोनची फोमची टोपणं पन्नास-शंभर रुपयांना जोडी. बदलली की नवा. सहज आपलं सांगितलं.

अभ्यासिका

गणपतीत पेठेत डीजे लागतो तेव्हा यातलं काय चालतं? गंभीरपणे विचारतोय, गेल्या वर्षी परीक्षा तेव्हाच होती.

खटपट्या

एएनसी नाही चालत. आवाज इतका मोठा असतो की छोटे माइक आणि स्पीकर त्याला पुरे पडत नाहीत, आणि तो दणका कानाइतकाच छातीतून, हाडांतून आत येतो. कारखान्यात वापरतात तो साधा इअरमफ हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. आत फोमचे बोळे, वरून तो. गाणी ऐकता येणार नाहीत, अभ्यास होईल.

पेठेतला

निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत लिहिलेली. विद्यार्थ्याने इअरमफ शोधायचा, नियम मोडणाऱ्याला कोणी विचारायचं नाही. असो, अवांतर होतंय.

मूळ मुद्द्यावर मी ठाम आहे. लोकलवाल्यांनी आणि विमानात बसणाऱ्यांनी घ्यावा, वाद नाही. पण मला विचारणारे बहुतेक जण घरी किंवा ऑफिसात बसून बोलण्याचा आवाज बंद करू पाहणारे असतात. त्यांना मी नाहीच सांगणार.

बदलापूर फास्ट

मग तसं म्हणा ना, धाग्याच्या सुरुवातीला सरसकट "घेऊ नकोस" लिहिलंत ते!

खटपट्या

ज्यांना तरी घ्यायचाच आहे त्यांच्यासाठी: दुकानात गाणं लावून तपासू नका, गाण्यात सगळं झाकलं जातं. पंख्याखाली उभे राहा, गाणं बंद ठेवून एएनसी चालू-बंद करून पाहा. पंखा किती कमी होतो ते कळेल, आणि चालू असताना बारीक "स्स्स" येतो का तेही कळेल. स्वस्तांत बहुतेकदा येतो, कोणाला खुपतो, कोणाला नाही. कान दबल्यासारखे वाटतात का ते बघा. चष्मा असेल तर घालून बघा, काडीमुळे गादीत फट पडते. ऑनलाइन घेत असाल तर परतीची मुदत बघून घ्या आणि तेवढ्या दिवसांत रोजच्या प्रवासात वापरून पाहा.

पेठेतला

आमच्या इथल्या दुकानदाराला "पंखा लावा, हेडफोन तपासायचाय" असं सांगून बघतो. काय म्हणतो ते इथे लिहीन.