पीडीएमएस (सिलिकॉन रबर) चिकटच राहतंय, लवकर सांगा

चिवडाप्रेमी: मायक्रोफ्लुइडिक चिप करतोय, म्हणजे बारीक चॅनेलमधून पाणी वाहणारा रबराचा तुकडा. त्यासाठी साच्यात सिलगार्ड १८४ (दोन भाग मिसळून घट्ट होणारं पीडीएमएस) ओततोय. बाकी सगळं घट्ट होतं, नेमका चॅनेलचाच भाग चिकट. सोलताना कडा फाटतात, काचेला बाँड तर होतच नाही. प्रमाण वगैरे बरोबर आहे. सोमवारी गाईडना पाणी वाहताना दाखवायचंय. काय करू?

घाटमाथा: बरोबर म्हणजे किती? वजनाने की आकारमानाने? ओव्हन कितीला? मोल्ड कशाचा?

चिवडाप्रेमी: बेस आणि हार्डनर १०:१, वजनाने. ७० अंशांना दोन तास.

प्लाझ्मावाले: बाँडिंगसाठी ऑक्सिजन प्लाझ्मा (विजेने चेतवलेला वायू, पृष्ठभाग काचेला धरण्याजोगा करतो) ३० सेकंद, लगेच काचेवर टेकवायचं, मग ८० ला ठेवायचं. रेंगाळलात तर पृष्ठभाग पुन्हा पाणी झटकायला लागतो. आमच्याकडे हमखास चालतं.

घाटमाथा: अहो, त्याचं घट्टच होत नाहीये, बाँडिंग कसलं घेऊन बसलात! मोल्ड कशाचा??

जुनाजाणता: हातमोजे लॅटेक्सचे असणार. त्यातलं गंधक पीडीएमएस घट्ट करणाऱ्या प्लॅटिनम कॅटलिस्टला मारतं. नायट्राइलचे घाला.

चिवडाप्रेमी: नायट्राइलचेच आहेत. मोल्ड रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर काढलाय, सिनियरचा एसयू-८ वेफर (सिलिकॉन चकतीवरचा नेहमीचा मोल्ड) फुटला म्हणून. त्याचा काय संबंध?

घाटमाथा: तिथेच तर आहे! रेझिनमध्ये उरलेला मोनोमर (कडक न झालेला कच्चा माल) आणि फोटोइनिशिएटर (प्रकाशाने रेझिन कडक करणारं रसायन) पीडीएमएसचं क्युअरिंग, म्हणजे घट्ट होणं, अडवतात. कपात उरलेलं मिश्रण नीट घट्ट झालंय ना? मग दोष मोल्डचा. आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) धुवा, यूव्हीखाली ठेवा, मग रात्रभर ८० ला भाजा.

जुनाजाणता: ८० ला पातळ मोल्ड वाकतो. ६० ला ठेवा, जास्त वेळ. नंतर सायलेन (रबर चिकटू न देणारा पातळ थर) लावा, सोलायलाही सोपं जाईल.

घाटमाथा: माझा कधी वाकला नाही.

जुनाजाणता: तुमचा जाड असेल.

कोळीवाडा: मोल्ड हवाच कशाला? तंगूस ताणून बांधा, भोवती ओता, घट्ट झालं की ओढून काढा. मस्त गोल चॅनेल. ना प्रिंटर, ना क्लीनरूम.

चिवडाप्रेमी: वाय-जंक्शन (इंग्रजी Y सारखा फाटा) आहे हो. तंगुसाचा वाय कसा करू?

खवय्या_पुणे: हेच पीडीएमएस तळणीच्या तेलात फेस येऊ नये म्हणून घालतात ना, ई ९००? मग आपण काय खातोय?

घाटमाथा: त्यासाठी वेगळा धागा काढा.

चिवडाप्रेमी: यूव्ही दिवा नाहीये आमच्याकडे. गच्चीवर उन्हात ठेवला तर?

जुनाजाणता: चालेल, अधूनमधून उलटत राहा. पण आधी आयपीए, आणि पूर्ण वाळल्यावरच ऊन. खाचांमध्ये ओलं रेझिन राहिलं तर ते तिथेच कडक होतं आणि चॅनेलच्या कडा बोथट होतात. रुंदी किती आहे, ते अजून सांगितलं नाहीत.