गोव्यातल्या काठावरच्या जागा आणि दास यांचा शोधनिबंध

म्हापशेकार:
अर्थतज्ज्ञ सब्यसाची दास यांचा 2023 चा शोधनिबंध आता कुठे सवडीने वाचला. 2019 च्या लोकसभेत अटीतटीच्या जागा भाजपने प्रमाणाबाहेर जिंकल्या, असं त्यात म्हटलंय. लढत खरंच काट्याची असेल तर हार-जीत साधारण सारखी वाटली जायला हवी. एकाच्याच पदरात ढीग पडला तर संशय येणारच. गदारोळ झाला आणि दास अशोका विद्यापीठातून बाहेर पडले. आता आपली 2022 ची विधानसभा बघा, जिंकल्याचा फरक किती तो. फोंडा 77 मतं, प्रियोळ 213, नावेली 430, साखळी 666. चारही भाजपकडे!

फोंडेकार:
सोयीच्या तेवढ्याच वेचल्यास बाबा. सांत आंद्रेत 76 मतांनी भाजप पडला, आरजी (रिव्होल्युशनरी गोवन्स पक्ष) निवडून आली. मांद्रेत मगोने (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने) 715 नी पाडलं. आपले मतदारसंघ एवढेसे, एक वाडा फिरला की निकाल फिरतो. देशभरच्या जागांवर चालणारी चाचणी गोव्याच्या चाळीसांवर काय चालणार? आणि हा घोटाळ्याचा पुरावा नव्हे, हे खुद्द दासच सांगतात. घोळ करायचाच होता तर साखळीत मुख्यमंत्र्यांनाच घाम फुटू दिला असता का?

म्हापशेकार:
चाळीसांवर चाचणी लावा असं मी म्हटलंच नाही. मतदान केंद्रनिहाय मतांचा हिशेब निवडणूक आयोगाने आपणहून, लगेच, वाचता येईल असा मांडावा, एवढंच मागणं. लपवण्यासारखं नसेल तर अडतंय कुठे?

फोंडेकार:
2017 ला चाळीसही मतदारसंघांत व्हीव्हीपॅट (मत कुणाला पडलं त्याची चिठ्ठी दाखवणारं यंत्र) लावणारं पहिलं राज्य आपलं. दर मतदारसंघात पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात. सगळ्याच मोजा ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये फेटाळली. अजून किती?

कुंकळ्ळीची माई:
दोघेही कधी मतदान केंद्रावर उमेदवाराचे एजंट म्हणून बसलायत का? मतदान संपलं की केंद्राध्यक्ष हजर असलेल्या एजंटांना फॉर्म 17-सी ची प्रत देतात, त्यात त्या केंद्रावर पडलेल्या मतांचा आकडा असतो. मोजणीच्या टेबलावर कंट्रोल युनिट (मतं साठवणारा यंत्राचा भाग) उघडलं की तो जुळवायचा. जुळला नाही तर तिथेच हरकत. आमचे निम्मे एजंट दुपारी जेवायला म्हणून जे जातात ते उगवतच नाहीत. मग कागद घेणार कोण? यंत्राला शिव्या घालणं सोपं, संध्याकाळपर्यंत बाकावर बसणं कठीण.

पेडणेकार:
76 मतांचा कीस पाडताय आणि काँग्रेसच्या 11 पैकी 8 आमदार सप्टेंबर 2022 मध्ये भाजपमध्ये गेले ते विसरलात. तिथे कुठली चाचणी लावणार?

फोंडेकार:
तो पक्षांतराचा विषय, वेगळा धागा काढ.

म्हापशेकार:
माई, 17-सी मुळे यंत्रात पडलेलं मत सापडेल. यादीतून नावच गेलं तर तो माणूस बटणापर्यंत पोचतच नाही, तुमच्या कागदावर तो दिसणार कसा? दास यांचा एक मुद्दा मतदार याद्यांचाच आहे.

कुंकळ्ळीची माई:
त्यासाठी मसुदा यादी लागते तेव्हा वाड्यावर फिरावं लागतं. येणार असलास तर सांग.